स्कोपचे क्लिक संपले, छर्रा अजून खालीच : रिंगखाली पत्रा घालावा का?

दुर्बिणवाला
मंडळी, नळी मोडून भरायची स्प्रिंगची छऱ्याची बंदूक आहे. ४.५ मिमी, वेग सेकंदाला २०० मीटरच्या आसपास. वर ११ मिमी डवटेल रेल, त्यावर स्कोप धरणाऱ्या दोन सुट्या रिंगा आणि ३-९x४० स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण. स्कोपच्या नळीचा व्यास २५.४ मिमी, क्लिक पाव एमओएचे (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग).
१० मीटरवर वरचा टरेट (नेम वर-खाली करायची चकती) पूर्ण 'अप'कडे फिरवून झाला, तरी छर्रे नेमाच्या ४० मिमी खाली बसतात. डावं-उजवं ठीक आहे. मागच्या रिंगमध्ये थंड पेयाच्या डब्याचा पत्रा घालतात असं वाचलं. किती थर घालायचे? त्याने स्कोप खराब होतो का? की माउंटच बदलावा? घरी करता येईल असंच सांगा.

फटाकडी
पत्रा पुढच्या रिंगखाली घाला. स्कोप वर बघेल, छर्रा वर जाईल. हाय काय नाय काय.

कानसभाऊ
फटाकडी, उलटं झालं. स्कोप वर बघायला लागला की तो चांदमारीवर टेकवायला तुम्ही नळी आणखी खाली करणार, म्हणजे छर्रा अजून खाली. मागची बाजू उचलायची असते. स्कोप नळीच्या मानाने खाली वाकून बघतो, म्हणून त्याच नेमाला नळी वर होते.
उघड्या नेमाचा (बिनस्कोपचा) नियम इथेही चालतो : मागचं साइट जिकडे सरकेल तिकडे मार सरकतो, पुढची माशी सरकवली की मार उलट्या बाजूला जातो. एवढं पाठ असलं की निम्मे पत्रे वाचतात.

फटाकडी
बरं, शब्द मागे. पत्राही मागे. 😄

मोजपट्टी
थर किती, याचं उत्तर आकड्यातच आहे. दोन रिंगांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ते १०० मिमी असेल तर मागे ०.१ मिमी उचलल्यावर स्कोप १ मिलिरेडियन कलतो. म्हणजे १० मीटरवर १० मिमी, ५० मीटरवर ५० मिमी. एमओएत म्हणाल तर ३.४४. अंतर ८० मिमी असेल तर त्याच पत्र्याने १० मीटरवर साडेबारा मिमी सरकेल. डब्याच्या भिंतीचा पत्रा ढोबळ ०.१ मिमीचा असतो, पण मायक्रोमीटरने मोजून घ्या. तळ आणि तोंडाजवळ तो जाड होत जातो, तिथला कापू नका.

पण त्याआधी दुसरी गोष्ट. ४० मिमी खाली, हा आकडा अपुरा आहे. टरेट टोकाला नेल्यावरचा आहे तो. स्कोप मध्यावर असताना किती खाली, ते हवं. आणि त्यातलं सगळं नळीच्या माथी मारू नका. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून ४५ मिमी वर असेल, तर स्कोप आणि नळी अगदी समांतर असल्या तरी १० मीटरवर छर्रा ४५ मिमी खालीच लागणार. त्यात २०० मीटर वेगाला १० मीटरपर्यंतची घसरण साधारण १३ मिमी. झाले ५८. म्हणजे निर्दोष बंदुकीलाही १० मीटरवर झीरो करायला, म्हणजे मार नेमावर आणायला, ५.८ मिलिरेडियन, जवळपास २० एमओए लागतात. बाकी जे उरेल तो नळीचा कल, म्हणजे ती पुढून खाली झुकलेली असणं.

दुर्बिणवाला
हे डोक्यात आलंच नव्हतं. मध्यावर कसा आणायचा? रिंगांमधलं अंतर ८० मिमी आहे, स्कोपची उंची बरोबर ४५ मिमी.

मोजपट्टी
आधी आडवा टरेट मध्यावर आणा, मग उभा. क्रम महत्त्वाचा. स्कोपच्या आतली नळी बाहेरच्या गोल नळीत इकडेतिकडे कलते, त्यामुळे आडवा टरेट टोकाला गेलेला असेल तर उभ्याला पूर्ण वाव मिळतच नाही. बऱ्याचदा 'क्लिक संपले' म्हणतात ते यामुळे.
पद्धत १ : टरेट एका टोकापर्यंत हलक्या हाताने न्या, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजा, निम्मे परत या. टोकाला जोर लावू नका. मग दुसरा टरेट, मग पुन्हा पहिला एकदा तपासून घ्या.
पद्धत २ : पुढची काच सपाट आरशाला टेकवा, झूम सगळ्यात कमी, फोकस अनंतावर. क्रॉस आणि त्याचं प्रतिबिंब असे दोन दिसतील. दोन्ही एकावर एक आले की झालं. आरसा काचेला नीट सपाट टेकायला हवा, नाहीतर तुम्ही आरशाचा तिरकेपणा झीरो करत बसाल.

काजळी
नळीचा कल उघड्या नेमात का दिसत नाही, हे नव्या लोकांसाठी. मोडून भरायच्या बंदुकीत पुढची माशी नळीवर असते आणि मागचं साइटही बहुतेक वेळा नळीच्याच बुडाशी, ब्रीच ब्लॉकवर. नळी कितीही कलली तरी दोन्ही साइट तिच्याबरोबर कलतात. स्कोप मात्र मागच्या सिलिंडरवर बसतो. म्हणून वर्षानुवर्षं झकास चालणारी बंदूक स्कोप लावल्यावर अचानक 'खाली मारते'.

पाणसळ
माउंटला हात लावायच्या आधी बिजागरी बघा. नळी बंद करून टोक धरा आणि वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवा. जराही खटखट लागली तर पिव्हटचा बोल्ट सैल आहे. तो घट्ट करताना नळी अर्धी उघडून सोडली तर जागेवर थांबावी, आपोआप पडू नये, इतकंच. ब्रीचचं सील फार वर आलेलं असेल तर नळी पूर्ण बसत नाही आणि पुढून खाली राहते. कागदाची पट्टी सीलवर चारही बाजूंनी धरून नळी बंद करा, पट्टी ओढताना सगळीकडे सारखीच अडली पाहिजे. दस्त्याचे स्क्रूही घट्ट करा. स्प्रिंगच्या बंदुकीत तेच पहिले सुटतात.
आणि रिकामी आहे हे नळी उघडून, आरपार बघून खात्री केल्याशिवाय यातलं काहीही नाही.

कानसभाऊ
पाणसळसाहेबांना +१. काडतुसाची रायफल असेल तर मॅगझिन काढा, बोल्ट काढून बाजूला ठेवा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा, आणि काडतुसं त्या खोलीतही नकोत.

दुर्बिणवाला
मोजलं. उभा टरेट एकूण २४० क्लिक, म्हणजे ६० एमओए. १२० वर ठेवून १० मीटरवर दहा छर्रे, गटाचा मध्य नेमाच्या १२८ मिमी खाली. नळी हलत नाही, कागद सगळीकडे सारखा अडतो.

मोजपट्टी
आधीच्या आकड्याशी जुळतंय. मध्यापासून वर ३० एमओए म्हणजे १० मीटरवर ८७ मिमी. १२८ वजा ८७, ४१ उरले.
आता १२८ मधून ५८ वजा करा. ७० मिमी, म्हणजे ७ मिलिरेडियन, २४ एमओए. एवढा तुमच्या नळीचा कल. बराच आहे, पण या जातीच्या बंदुकीत न दिसणारा नाही.
सगळं १२८ माउंटमधून काढायचं तर ८० मिमी अंतरावर १.०२ मिमी उचल लागेल. तेवढं नको, टरेटनेही थोडं काम करावं. पण टरेट टोकाला ठेवून चालवू नका. आतल्या नळीला दाबून धरणारी स्प्रिंग 'अप'च्या टोकाला सगळ्यात सैल असते, आणि स्प्रिंगच्या बंदुकीच्या धक्क्याने क्रॉस नाचतो. आज झीरो, उद्या दोन बोटं इकडे. मध्यापासून १५ एमओएच्या आत राहिलेलं बरं. म्हणजे माउंटने किमान ३० एमओए द्यायचे : ८.७ मिलिरेडियन, ०.७ मिमी.

फटाकडी
म्हणजे सात डबे?

कानसभाऊ
डबा एकच पुरतो हो, थर सात. पण सात थर घालायचे नाहीत. का ते सांगतो.
मागची रिंग उचलली तरी दोन्ही रिंगांची भोकं आडवीच राहतात, स्कोप मात्र तिरका होतो. रिंग १५ मिमी रुंद असेल आणि स्कोप ५ मिलिरेडियन कलला, तर रिंगच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ०.०७५ मिमी फरक पडतो. म्हणजे पुढची रिंग एका कडेवर खालून चावते, दुसऱ्या कडेवर वरून. ॲल्युमिनियमची पातळ नळी, वरून चार स्क्रू. आधी गोल ओरखडा, मग खाच. जास्तच झालं तर आत झूमची हालचाल जड होते. माझ्या मते रिंगच्या आतला पत्रा ०.२ पर्यंत बिनधास्त, ०.२५ ला हात आखडता, पुढे नाही. तुमच्या ८० मिमीला ०.२५ म्हणजे ३.१ मिलिरेडियन, ३१ मिमी. टरेट टोकाला ठेवूनही १० मिमी खालीच राहाल. तेव्हा तुमच्यापुरतं उत्तर 'नाही'.

ज्यांचं ०.१-०.२ मध्ये भागतं त्यांच्यासाठी रीत :
पत्रा फक्त मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्यात. रुंदी रिंगएवढीच, बाहेर एक मिमीही नको. लांबी अशी की खालच्या वाटीचा साधारण दोन तृतीयांश हिस्सा, २५.४ च्या रिंगला २५ मिमीच्या आसपास, मधोमध. दोऱ्यासारखी अरुंद पट्टी घातली की नळी त्या पट्टीवर डुगडुगते आणि स्क्रू आवळले की तिथेच दबते. कात्रीने कापलेल्या कडेला बर (धारदार कंगोरा) येतो. पत्रा काचेवर ठेवून कडा ६०० च्या पॉलिश पेपरने मारा, कोपरे गोल करा. डब्यावरचं छापील रंगाचं आणि आतलं लाखेचं अस्तर खरवडा, ते दबतं. दोन थर हवे असतील तर दोन वेगळे तुकडे घालण्यापेक्षा फिलर गेजच्या (फट मोजायच्या) पात्याचा किंवा पितळी शिमचा (भरतीच्या पातळ पत्र्याचा) एकच तुकडा बरा.
कागद, विजेची चिकटपट्टी, रबर यातलं काही नको. आज ०.१ असतं, महिन्याने ०.०६.

राळवाला
कानसभाऊ, एक भर. दोन रिंगा नसून अखंड माउंट असेल तर ही चावाचावी अजून वाईट. दोन्ही रिंगा एकाच मशीनिंगमध्ये एका रेषेत कापलेल्या असतात, आपण ती रेषा मोडतो आणि वाकते ती स्कोपची नळी.
आणि रिंगचा वरचा भाग बसवल्यावर दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. पत्र्यामुळे मागच्या रिंगची फट थोडी वाढते. चालेल, पण डावीकडे एक मिमी आणि उजवीकडे शून्य असं चालणार नाही.

वाटीचमचा
मग लॅपिंग करा की. शिम घातल्यावर सळई आणि पेस्टने दोन्ही रिंगा एका रेषेत घासून घेतल्या की कडा चावत नाहीत.

कानसभाऊ
ही अर्धीच खरी गोष्ट. लॅपिंगने उंचवटे जातात, कोन मिळत नाही. ०.७ मिमीचा कल घासून काढायला बसलात तर रिंगचं भोक मोठं होईल, वरच्या-खालच्या अर्ध्यामधली फट संपेल आणि रिंग स्कोपला धरायचीच बंद होईल.

वाटीचमचा
०.७ चं कोण म्हणतंय? ०.१५ चा पत्रा आणि वर लॅपिंग, हे चांगलं लागतं. रिंगा स्वस्तातल्या असतील तर पत्रा न घालताही लागतं. सळई स्कोपच्या व्यासाची, २५.४ ला २५.४ चीच. २२० ची पेस्ट तेलात, शेवट ४०० ने. वरचे अर्धे भाग अगदी हलके लावून, सळई पुढे-मागे आणि थोडी फिरवत. दर वीस-पंचवीस हातांनी पुसून बघा. काळं अॅनोडायझिंग उडालेला भाग म्हणजे स्पर्श. सत्तर-ऐंशी टक्के उजळलं की थांबा, शंभराच्या मागे लागू नका. मग घासलेटने धुवा, आटे कापसाने पुसा, पेस्टचा कण राहिला तर तो स्कोपवर कोरीवकाम करेल.

कानसभाऊ
एवढ्याला माझी हरकत नाही. फक्त प्लॅस्टिक इन्सर्टच्या आणि कोन बदलता येणाऱ्या रिंगांना लॅपिंग करू नका, त्यांना ती गरजच नसते. आणि घासलेल्या रिंगा परत विकताना 'नव्यासारख्या' लिहू नका. 😄

मोजपट्टी
मूळ प्रश्नावर परत. ०.७ मिमी कुठून आणायचे? तीन वाटा.
एक, नळीच्या कलासाठीच बनवलेला तिरका माउंट, ११ मिमी डवटेलचा. सगळ्यात सोपं. घेताना किती एमओए ते बघा, नुसतं 'कल भरून काढतो' म्हणून घेऊ नका.
दोन, उंची बदलता येणाऱ्या दोन रिंगा. स्पोर्ट्समॅचच्या मिळतात. यात रिंगची वाटी स्वतःच कलते, म्हणून चावत नाही. बसवताना आधी कोन लावा, स्कोप ठेवा, मग खालचे स्क्रू, शेवटी वरचे.
तीन, गोल प्लॅस्टिक इन्सर्टच्या रिंगा, बरिसच्या सिग्नेचरसारख्या. इन्सर्ट ५, १० आणि २० हजारांश इंच सरकवलेले मिळतात. मागे वर २०, पुढे खाली १०, मिळून ३० हजारांश म्हणजे ०.७६ मिमी. ८० मिमी अंतरावर ९.५ मिलिरेडियन, साधारण ३३ एमओए. पण वीव्हर-पिकॅटिनीवाल्या रिंगांना तुमच्या डवटेलवर अॅडॅप्टर लागेल. त्याने स्कोप सहा-आठ मिमी वर जातो, म्हणजे १० मीटरवर अडीच एमओए जास्तीचे लागतात. १२८ मिमीचे ४४ एमओए, अधिक अडीच वजा ३३ केले तर टरेटला साडेतेरा-चौदा एमओए, ५५ क्लिकच्या आसपास. बसतंय.

शिकाऊ_उमेदवार
डवटेल, वीव्हर, पिकॅटिनी यात फरक काय? सगळं दातेरीच दिसतं.

पाणसळ
डवटेलला आडवे दाते नसतात, रेलच्या लांबीभर दोन खाचा असतात. '११ मिमी' हे नाव आहे, माप नाही. प्रत्यक्षात साडेनऊपासून चौदापर्यंत सापडतात, आणि खाचेचा कोनही कुठे ४५ अंश कुठे ६०. कोन जुळला नाही की क्लॅम्प एका धारेवरच धरतो आणि सरकतो. व्हर्निअरने रेलच्या वरची रुंदी मोजून मगच माउंट घ्या.
पिकॅटिनीची खाच ५.२३ मिमी रुंद, दोन खाचांच्या मध्यांमध्ये १०.०१ मिमी, सगळीकडे तेच. वीव्हरची खाच ४.५७, अंतर ज्याचं त्याचं. म्हणून वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर बसते, उलट बहुधा नाही. बसल्यावर खाचेत ती आडवी दांडी पुढे ढकलून मगच आवळा, मधल्या मोकळ्या जागेत धक्क्याने सरकते.

राळवाला
'पुढे ढकलून' हे काडतुसाच्या रायफलला. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दुतर्फा असतो. पिस्टन पुढे जाताना बंदूक मागे येते, आणि पिस्टन टोकाला आपटला की बंदूक झटक्याने पुढे. दुसरा झटका जास्त तीक्ष्ण. बंदूक पुढे जाते, स्कोप जागेवर राहू बघतो, म्हणून माउंट रेलवर मागे सरकत येतो. साध्या रायफलसाठीचे स्कोप याच झटक्याने आतून सुटतात. स्कोपवर एअरगनसाठीचा उल्लेख हवाच.

सरकू नये म्हणून :
रेल आणि क्लॅम्पच्या खाचा अॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरड्या करा. तेलाचा एक हातही पुरे आहे घसरायला.
माउंटला खालून स्टॉप पिन असेल आणि रेलवर भोक असेल तर पिन त्या भोकात उतरलीच पाहिजे. पिन जास्त लांब राहिली तर तिच्यावरच माउंट टेकतो, मागून उचलला जातो, आणि आपण म्हणतो अरे वा, कल आपोआप गेला. ती खरी उचल नव्हे, डुगडुग आहे. पिन भोकात ढिली उतरेल एवढीच ठेवा. भोक नसेल तर माउंटच्या मागे रेलवर वेगळा स्टॉप ब्लॉक लावा.
रिंगमध्ये नळी सरकत असेल तर आतून राळेची पूड, चिमूटभर, कापडाने चोळून. निघायला त्रास नाही.

वाटीचमचा
नावाला जागलात.

शिकाऊ_उमेदवार
स्क्रू किती आवळायचे? टॉर्क पाना नाही.

मोजपट्टी
रिंगच्या वरच्या स्क्रूंना १.७ ते २ न्यूटन-मीटर, १५ ते १८ इंच-पौंड. पिकॅटिनीच्या आडव्या नटाला बऱ्याच वेळा ५ ते ७ सांगतात, पण माउंटच्या कागदावर असेल तेच धरा. डवटेलच्या बारीक क्लॅम्प-स्क्रूंनाही कागदावरचंच, पिकॅटिनीचा आकडा त्यांना लावाल तर आटे हातात येतील.
पाना नसेल तर सामानाचा हुक-काटा घ्या. एल-कीचा आखूड पाय स्क्रूत, लांब पायावर स्क्रूच्या मध्यापासून १०० मिमीवर हुक, काटा कीला काटकोनात ओढा. २ किलो दाखवला की २ न्यूटन-मीटरला जरा कमी. ७० मिमीवर हुक असेल तर १.८ साठी साधारण २.६ किलो. की तेवढी लांब नसेल तर वर घट्ट बसणारी नळी चढवा. मोठ्या पान्याच्या अंदाजापेक्षा हे शंभर पटीने बरं.
क्रम तिरका : पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा. प्रत्येकाला पाव फेरा, मग पुढचा. एक बाजू आधी पूर्ण आवळली की रिंगचा वरचा भाग फिरतो आणि स्कोपही घेऊन जातो.

काजळी
आणि स्क्रू सुटू नयेत म्हणून लॉकटाइट?

मोजपट्टी
हवं असेल तर २२२, जांभळा. बारीक स्क्रूंसाठी तोच. बेसच्या स्क्रूंना २४३ निळा चालतो. लाल कधीच नाही. ओला आटा घसरतो, त्यामुळे तेवढ्याच जोरात स्क्रू जास्त ताणला जातो. टॉर्क पाचवा हिस्सा कमी धरा.

ओळंबा
कोणी स्कोप सरळ लावायचं बोललंच नाही. क्रॉस तिरका असेल तर अंतर बदलल्यावर मार बाजूला जातो. जेवढी घसरण तुम्ही भरून काढता तिला तिरकेपणाच्या साइनने गुणा : ३ अंश तिरपा आणि १०० मिमीची भरपाई असेल तर ५ मिमी बाजूला.
टरेटच्या खालची चौकट बहुतेक स्कोपना सपाट असते. ती आणि रेल यांच्या मधल्या फटीत फिलर गेजची पाती रचून भरा, नाहीतर पत्त्यांचा गठ्ठा. पानं वाढवत जा, चौकट पत्त्यांवर सपाट टेकली की स्कोप आपोआप सरळ. मग स्क्रू. टरेटच्या टोपीवर पाणसळ ठेवून करतात ते मला पटत नाही, टोपी सरळ असेलच याची हमी काय? शेवटी २० मीटरवर ओळंबा टांगून उभी रेघ त्याच्याशी ताडून बघा, बंदूक शिकंजात आणि रेलवर पाणसळ.

पाणसळ
माझं नाव घेऊन माझ्यावरच टीका. पण मुद्दा बरोबर आहे.

काजळी
स्कोप उंच गेला की गालाचं काय? उघड्या नेमाची रेघ नळीपासून वीसेक मिमीवर, स्कोपची ४५ वर. पंचवीस मिमी डोकं उचलून हवेत धरायचं, मग कितीही अचूक माउंट लावा.
डोळे मिटून बंदूक गालाला लावा, मान सैल सोडा, मग डोळा उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, कडेला काळी चंद्रकोर नको. दिसली तर दस्त्यावर ईव्हीए फोमचे ५ मिमीचे थर एकेक करून चढवत जा, प्रत्येक थरानंतर पुन्हा मिटून उघडा. चपलेच्या तळाला असतो तसा कडक फोम घ्या. मऊ स्पंज गालाखाली दबून रोज वेगळी उंची देतो. थर ठरले की कडा उतरत्या कापा, कापडी चिकटपट्टीने गुंडाळा, वर पातळ चामडं. बोल्टच्या रायफलला बोल्ट पूर्ण मागे येतो का हे फोम चिकटवायच्या आधी बघा.
डोळ्याचं अंतर स्कोपनुसार ७५ ते १०० मिमी, आणि ते सगळ्यात जास्त झूमवर ठरवा. तिथेच ते सगळ्यात हट्टी असतं.

बारा_बोर
छऱ्याच्या बंदुकीवर एवढं झालं, काडतुसाच्या रायफलचंही लिहा कोणी. बेस (रिंगा बसतात ती पट्टी) रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट फिरतो त्या सांगाड्यावर, चार स्क्रूंनी आहे, मागून फट दिसते.

कानसभाऊ
बेस नुसता ठेवा, पुढचे दोनच स्क्रू आवळा, मागच्या फटीत फिलर गेज घाला. मग उलट, मागचे दोन आवळून पुढची फट मोजा. चारही आवळून ती फट दाबून टाकली तर बेस धनुष्यासारखा वाकतो आणि रिंगांची रेषा बिघडते. ०.०५ पर्यंत दुर्लक्ष करा. त्यापुढे मागे नुसता शिम घातलात तरी बेस मध्ये अधांतरी राहतो, म्हणून स्टील भरलेल्या इपॉक्सीचं बेडिंग (फट भरणारी गादी) बरं.
रिसीव्हरला आणि स्क्रूंना बुटाच्या मेणाचा पातळ हात, दोनदा, पुसून. बेसच्या खालच्या बाजूला सॅंडपेपर मारून अल्कोहोलने धुवा, म्हणजे इपॉक्सी बेसला चिकटेल, रिसीव्हरला नाही. स्क्रूची भोकं प्लॅस्टिसीनने बुजवा. मागच्या भागात पातळ थर, बेस ठेवा, पुढचे स्क्रू आवळा, मागचे जेमतेम टेकतील इतकेच. बाहेर आलेलं लगेच काडीने काढा. पूर्ण सुकायला एक दिवस, मग सोडवा. मेण विसरलात तर बेस कायमचा रिसीव्हरचा झाला म्हणून समजा.

आणि स्क्रूची लांबी! बहुतेक बेसना ६-४८ चे स्क्रू असतात (क्रमांक ६, इंचाला ४८ आटे). शिम किंवा बेडिंगने बेस उचलला की आटे कमी पकडतात, तीन-चार पूर्ण फेरे तरी बसायला हवेत. उलट पुढचा स्क्रू लांब असेल तर आत नळीच्या आट्यांना किंवा बोल्टच्या लगला (अडकणाऱ्या दात्याला) टेकतो. बाहेरून घट्ट वाटतो, बेस मात्र ढिलाच. एकेक स्क्रू एकटा लावून बेस हलतो का बघा, आणि बोल्ट मोकळा फिरतो का तेही.
भोकंच नसतील तर घरच्या ड्रिलने रिसीव्हरवर भोक पाडू नका. खाली चेंबर आहे. ते काम गनस्मिथचं.

थ्रीडीदादा
तिरका माउंटच प्रिंट केला तर? कोन हवा तेवढा.

राळवाला
माउंट नको. पीएलए, म्हणजे प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक, साठेक अंशाला मऊ होतो, आणि गार असतानाही स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकत राहतो. बंद गाडीत उन्हात ठेवलात की झीरो विसरा. प्रिंटर वापरायचाच असेल तर पुढच्या ग्लोब साइटच्या (नळकांडी नेमाच्या) भोकाच्या चकत्या करा, तिथे ताण नाही.

काजळी
चकत्यांचा हिशोब देते, विषय निघालाच आहे तर. १० मीटर रायफलच्या चांदमारीचा काळा गोल ३०.५ मिमी. डोळ्यापासून पुढचं साइट ०.९ मीटरवर असेल तर तिथे तो गोल २.७५ मिमी एवढा दिसतो. चकतीचं भोक त्याच्यापेक्षा चांगलं मोठं हवं, ३.८ पासून ४.५ पर्यंत ०.१ च्या पायरीने करून बघा. पांढरं कडं फार बारीक ठेवलं की डोळा थकतो, आणि गोल एका बाजूला टेकलाय की मध्ये आहे हेच कळेनासं होतं. लोक लहान भोकाच्या मोहात पडतात. मी मोठ्याच्या बाजूने.
पुढे उंचीचा ठोकळा लावला तर मागेही तेवढाच, नाहीतर वर लिहिलेलं सगळं पुराण पुन्हा.

वाटीचमचा
आणि उघड्या नेमाच्या पिस्तुलाला? खाली मारतं, मागचं साइट वर जात नाही.

कानसभाऊ
माशी कानसीने उतरवायची. किती? चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर भागिले चांदमारीचं अंतर. १० मीटरवर २५ मिमी खाली, साइट ३०० मिमी अंतरावर : २५ x ३०० / १०००० = ०.७५ मिमी. आधी ०.५ काढा, मारून बघा, मग उरलेलं. काढलेलं परत लावता येत नाही. कानस सपाट, वरच्या कडेला काटकोन राहिला पाहिजे. गोलाई आली की उजेडात माशीचं टोक कुठे संपतं ते दिसत नाही. शेवटी कापूर जाळून त्याची काजळी धरा, धातूची चमक मरते.

काजळी
शेवटी माझीच आठवण.

दुर्बिणवाला
मंडळी, पत्र्याचा नाद सोडतो. अॅडॅप्टर आणि इन्सर्टचा पर्याय धरला तर उंची वाढेल, गालाचा फोमही वाढवावा लागेल. त्यापेक्षा ३० एमओएचा तिरका डवटेल माउंट बरा वाटतो. एक शंका : झीरो १० मीटरवर करायचा की २५ वर? बहुतेक मार २५ वर असेल.

मोजपट्टी
तुमच्या वेगाला हे दोन्ही जवळजवळ एकच आहेत. १० मीटरवर ५.८ मिलिरेडियन लागले. २५ मीटरपर्यंत घसरण नव्वदेक मिमी, अधिक ४५, भागिले २५ : साडेपाचच्या आसपास. छर्रा नेमाची रेघ खालून वर एकदा ओलांडतो आणि उतरताना परत एकदा. कागदावर येण्यासाठी १० वर झीरो करा, मग २५ वर दहा-दहाचे दोन गट मारून चार-पाच क्लिक इकडेतिकडे. छऱ्याची जात बदललीत तर हे पुन्हा.
माउंट आला की तिरकी बाजू मागे उंच आहे ना, ते बसवण्याआधी व्हर्निअरने बघा. उलटा बसतो तो.

फटाकडी
ही सूचना कोणासाठी आहे ते कळलं.